टर्कीचे ‘काळे डोके’ : एका रोगनामाचा इतिहास

रोगाचे नाव बहुधा रोगाच्या ज्ञानाआधी जन्मास येते. ज्याच्या घरात किंवा गोठ्यात रोग शिरतो त्याला तो ओळखण्याची निकड असते. कारणमीमांसेसाठी थांबण्याची सवड नसते. डोळ्यांना जे प्रथम दिसले ते नावात उतरते, आणि पुढे शास्त्राने कितीही मजल मारली तरी नाव सहसा हलत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परसात पाळलेल्या टर्कींवर जो रोग कोसळला त्याचे ‘ब्लॅकहेड’, म्हणजे ‘काळे डोके’, हे नाव अशाच प्रकारचे आहे. हा रोग डोक्याचा नाही. त्यात डोके दरवेळी काळे पडतेच असे नाही. आणि डोके काळवंडले म्हणून हाच रोग असेही म्हणता येत नाही. तरीही सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पक्षिपालक व पशुवैद्य यांच्या तोंडी हेच नाव आहे. या रोगाची ओळख डोक्यापासून यकृतापर्यंत, यकृतापासून कृमीपर्यंत आणि कृमीपासून अंगणातील मातीपर्यंत कशी सरकत गेली, आणि ओळखीबरोबर उपायही कसे बदलले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ज्या पक्ष्याला हा रोग होतो त्याचे स्वतःचे नावही चुकीच्या पत्त्यावर आधारलेले आहे. टर्की मूळचा अमेरिका खंडातील. मेक्सिकोतील लोकांनी तो माणसाळविला आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. परंतु इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरविले. फ्रेंचांनी ‘दॅंद’, म्हणजे हिंदुस्थानचा, म्हटले. डच लोकांनी ‘काल्कून’ या शब्दात आपल्या कालिकतची आठवण ठेवली. खुद्द तुर्की भाषेत त्याला ‘हिंदी’ म्हणतात, तर पोर्तुगीजांनी त्याला ‘पेरू’ हे देशाचेच नाव देऊन टाकले. लिनियस यांनी त्याला ‘मेलियाग्रिस गॅलोपावो’ असे शास्त्रीय नाव दिले. त्यांतील पहिले पद ग्रीक भाषेत गिनी फाउल या आफ्रिकेतील पक्ष्याचे नाव आहे, आणि दुसऱ्यात कोंबडा व मोर यांची सांगड आहे. एवढी नावे, आणि पक्ष्याच्या जन्मभूमीचा नेमका निर्देश एकातही नाही. ‘पेरू’ या नावाने खंड तेवढा बरोबर साधला, देश चुकलाच.

हिंदुस्थानातील या पक्ष्याच्या सर्वांत प्रसिद्ध आगमनाचा संबंध गोव्याशी आहे. इ. स. १६१२ मध्ये मुकर्रबखान या सरदाराने गोव्याच्या बंदरातून जहांगीर बादशहासाठी ज्या दुर्मिळ वस्तू आणि प्राणी खरेदी केले त्यांत टर्की होता. यांपैकी काही प्राणी आपण पूर्वी कधी पाहिले नव्हते व त्यांची नावेही कोणास ठाऊक नव्हती, असे बादशहाने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. उस्ताद मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगिराचे निरीक्षण मोठे मार्मिक आहे. पक्ष्याचे डोके, मान व गळ्याखालचा भाग क्षणोक्षणी रंग बदलतो, माजावर आला की पोवळ्यासारखा लाल होतो, थोड्या वेळाने कापसासारखा पांढरा दिसतो, कधी निळसर छटा घेतो, आणि चोचीवरील मांसल लोंब हत्तीच्या सोंडेप्रमाणे खाली येते, असे तो सांगतो. नाव ठाऊक नसताना केलेले हे वर्णन आजही चूक ठरत नाही. टर्कीच्या डोक्यावर पिसे नसतात. तेथील उघड्या कातडीतील रक्तपुरवठा क्षोभाने, भीतीने, थंडीने बदलतो आणि रंगही पालटतो. निरोगी अवस्थेतच ज्याचे डोके इतके रंग दाखविते, त्याच्या रोगाचे नाव डोक्याच्या रंगावरून पाडणे किती बेभरवशाचे होते, याची कल्पना जहांगिराच्या या नोंदीवरून सहज येते.

आता अमेरिकेकडे वळावे लागते. युरोपात गेलेला माणसाळलेला टर्की इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर अटलांटिक ओलांडून पुन्हा पश्चिमेला आला. तेथील रानटी टर्कीशी त्याचा संकर होऊन ‘ब्राँझ’ व ‘नॅरॅगँसेट’ यांसारखे वाण तयार झाले. ‘नॅरॅगँसेट’ हे नाव ऱ्होड आयलंड या लहानशा संस्थानातील उपसागराचे आहे. या भागातील शेतकरी कुटुंबे परसात टर्की पाळीत. पक्षी दिवसभर रानात टोळ व किडे टिपीत हिंडत आणि शरद ऋतूच्या अखेरीस, आभारदिनाच्या सणासाठी, विकले जात. ऱ्होड आयलंडच्या टर्कीची कीर्ती एवढी होती की वेस्टर्ली येथील होरेस व्होज हे १८७३ पासून १९१३ पर्यंत सणाचा टर्की राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पाठवीत असत.

याच ऱ्होड आयलंडमध्ये हा रोग प्रथम ठळकपणे नजरेत आला, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या भागात कोंबड्यांचे पालनही जोमाने वाढत होते. ‘ऱ्होड आयलंड रेड’ ही आपल्याकडेही सुपरिचित असलेली जात तेथलीच. पूर्वी टर्की रानात आणि कोंबड्या अंगणात, अशी जी आपोआप होणारी फारकत होती ती कमी झाली. शिवाय टर्कीची अंडी खुडूक कोंबडीखाली बसविण्याचा जुना रिवाज होताच. टर्कीची मादी पुन्हा लवकर अंडी घालावी म्हणून तिची पहिली अंडी काढून कोंबडीकडे सोपवीत. हे करणाऱ्या गृहिणीच्या दृष्टीने ही काटकसर होती. तिच्या हाताखालची आज्ञाधारक कोंबडी परक्या पिल्लांना ऊब देत होती आणि त्याबरोबर आणखी काय देत होती, हे कळायला अजून काही दशके जायची होती.

किंग्स्टन येथील ऱ्होड आयलंड कृषी प्रयोग केंद्रात मधमाश्या आणि कोंबड्या या विभागांचे काम पाहणारे सॅम्युएल कुशमन यांनी १८९३ मध्ये टर्कीच्या पालनावर पत्रिका प्रसिद्ध केली, तीत या रोगाची दखल आहे. पिल्ले मलूल होतात, पंख लोंबतात, विष्ठा पिवळी पडते, काहींचे डोके काळसर दिसते, आणि कळपच्या कळप नाहीसा होतो, असे एकंदर चित्र होते. ‘ब्लॅकहेड’ हे नाव शेतकऱ्यांच्या बोलीतले होते, प्रयोगशाळेतले नव्हे. व्याकरणदृष्ट्या पाहता हा बहुव्रीहीच्या जातीचा शब्द आहे : काळे आहे डोके ज्याचे तो. म्हणजे वस्तुतः हे पक्ष्याचे विशेषण. ते रोगाचे नाम होऊन बसले. या ठिकाणी मराठी कुक्कुटपालकांच्या ‘मानमोडी’ या शब्दाची तुलना करण्याजोगी आहे. कोंबड्यांच्या ज्या विषाणुजन्य रोगाला पुस्तकात ‘राणीखेत’ म्हणतात त्याचे हे बोलीतील नाव. त्यात रोग हा स्वतः कर्ता आहे. तो मान मोडतो. मान पिळवटणे हे त्या रोगाचे खरोखरच लक्षणीय चिन्ह असल्याने नाव उपयोगी पडते. ‘राणीखेत’ आणि इंग्रजी ‘न्यूकॅसल’ ही त्याच रोगाची ग्रांथिक नावे मात्र केवळ गावांची नावे आहेत. मेलेली कोंबडी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्यांतून काहीच सांगितले जात नाही. लोकांनी दिलेले नाव नेहमीच फसवे असते, असा निष्कर्ष म्हणून काढता येत नाही. प्रश्न एवढाच की, नाव ज्या चिन्हाला धरते ते चिन्ह रोगाला कितपत बांधलेले आहे.

कुशमन यांनी रोगी टर्की वॉशिंग्टनला केंद्रीय पशुउद्योग खात्यात पाठविले. तेथे ते थिओबाल्ड स्मिथ यांच्या हाती पडले. स्मिथ यांनी किलबोर्न यांच्यासह गुरांच्या ‘टेक्सास ज्वरा’चा प्रसार गोचिडीमार्फत होतो हे १८९३ मध्ये सिद्ध केले होते. संधिपाद प्राण्याकडून सस्तन प्राण्याला रोग पोहोचतो याचा तो पहिला पक्का पुरावा. अशा माणसाने टर्कीचे डोके पाहून समाधान मानले नाही, तर पोट उघडले. १८९५ मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. रोगाचे स्थान दोन ठिकाणी आहे, असे त्यांनी दाखविले. पहिले, पक्ष्यांच्या आतड्याला असणारे दोन आंधळे फाटे, ज्यांना अंधनाल म्हणता येईल. आणि दुसरे, यकृत. अंधनालाची भिंत जाड होते आणि आत चीजसारखा पिवळट घट्ट गोळा साचतो. यकृतावर वाटोळे, मध्यभागी किंचित खोलगट, पिवळसर ते करडे डाग उमटतात. काही डाग नेमबाजीच्या लक्ष्यासारखे वर्तुळात वर्तुळ असे दिसतात. ऊतकांच्या पातळ कापांत त्यांना एक गोलसर सूक्ष्म जीव आढळला. त्याला त्यांनी अमिबा मानून ‘अमिबा मेलियाग्रिडिस’ असे नाव दिले, आणि रोगाला ‘सांसर्गिक आंत्र-यकृतदाह’ असे नवे नाव सुचविले.

रोगाची ओळख येथे प्रथम योग्य जागी आली. रोगाने मेलेल्या टर्कीचे पोट चिरून यकृत व अंधनाल एकत्र पाहणे ही आजही परसातील पालकाला उपलब्ध असलेली सर्वांत भरवशाची परीक्षा आहे. जिवंत पक्ष्यातील चिन्हे सूचक असतात, निर्णायक नसतात. संसर्गानंतर साधारण सात ते बारा दिवसांनी पक्षी कळपापासून अलग उभा राहू लागतो, डोळे मिटतो, पंख सैल सोडतो, खाणे टाकतो आणि त्याची विष्ठा गंधकासारखी पिवळी होते. यांतील शेवटचे चिन्ह रंगाचेच असले तरी डोक्याच्या काळेपणापेक्षा ते पुष्कळ बोलके आहे. परंतु काही काळ उपाशी राहिलेल्या वा दुसऱ्या कारणाने यकृत बिघडलेल्या पक्ष्याची विष्ठाही पिवळी-हिरवी होऊ शकते. डोके काळवंडणे म्हणजे तर रक्तात प्राणवायू कमी पडल्याची खूण. मरणाच्या वाटेवरील कोणत्याही टर्कीत ती दिसावी. यकृतावरील डाग व अंधनालातील घट्ट गोळा ही दोन चिन्हे एकाच पक्ष्यात आढळली तर मात्र शंकेला फारसा वाव राहत नाही. स्मिथ यांनी दिलेले नाव म्हणूनच अचूक होते. ते रूढ झाले नाही, याचे कारणही उघड आहे : ते नाव उच्चारण्यापूर्वी पक्षी मरावा लागतो.

यानंतरची पंधरा वर्षे मागे नेणारी आहेत. ऱ्होड आयलंडच्याच केंद्रातील लिऑन कोल व फिलिप हॅडली यांनी १९०८ मध्ये, आणि मग विस्ताराने १९१० मध्ये, असे प्रतिपादन केले की हा रोग कॉक्सिडिया या निराळ्याच प्रजीवांमुळे होतो. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘ब्लॅकहेड, टर्कीचा कॉक्सिडियाजन्य रोग’ अशा अर्थाचे विधान होते. कॉक्सिडिया त्यांना खरोखरच दिसले होते, कारण ते पक्ष्यांच्या आतड्यात सर्रास असतात. शीर्षकातच निर्णय देऊन टाकल्याने प्रश्न मिटल्यासारखा झाला. पुढे हॅडली यांनी स्वतःच मत बदलले व कशाभिकायुक्त, म्हणजे चाबकासारखी शेपटी असलेल्या, आतड्यातील प्रजीवांकडे ते वळले. स्मिथ ऊतकाच्या कापात पाहत होते आणि हॅडली आतड्यातील द्रवात. एकाला वाटोळा, संथ अमिबासदृश जीव दिसे, दुसऱ्याला शेपटी असलेला चपळ जीव. दोघेही आपापल्या ठिकाणी पाहिलेले खरे सांगत होते.

हा पेच हार्वर्डमधील अर्नेस्ट टिझर यांनी १९२० मध्ये सोडविला. त्यांनी दाखविले की तोच एक जीव अंधनालाच्या पोकळीत कशाभिका धारण करतो आणि ऊतकात शिरल्यावर ती टाकून अमिबासारखा होतो. त्याला त्यांनी ‘हिस्टोमोनस मेलियाग्रिडिस’ असे नाव दिले. ‘हिस्टोस’ म्हणजे ऊतक, ‘मोनास’ म्हणजे एकक. स्मिथ यांचे जातिनाम त्यांनी कायम ठेवले, प्रजातिनाम बदलले. शास्त्रीय नामकरणाच्या नियमांत अशी सोय आहे की चूक दुरुस्त होते आणि आधीच्या शोधकाचे श्रेयही बुडत नाही. त्या नावाच्या दुसऱ्या पदात गिनी फाउलचे ते जुने ग्रीक नाव अर्थातच तसेच राहिले.

तथापि परसातील पालकाला जीवाला शेपटी आहे की नाही याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याचा प्रश्न एकच होता : रोग येतो कोठून? या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर सूक्ष्मदर्शकाने नव्हे, तर पालनाच्या प्रयोगाने मिळाले, आणि तेही टिझर यांच्या आधी तेरा वर्षे. कूपर कर्टिस हे या इतिहासातील काहीसे उपेक्षित नाव. गुरांच्या गोचिडीचे जीवनचक्र प्रथम नीट उलगडणारे हेच. टेक्सास ज्वराच्या प्रकरणात त्यांचे नाव स्मिथ व किलबोर्न यांच्या मागे झाकले गेले. ऱ्होड आयलंडमध्ये टर्कीवर काम करताना त्यांनी १९०७ मध्ये जे निष्कर्ष मांडले त्यांचे सार असे की रोग अंड्यातून येत नाही. अंडी यंत्रात उबवून पिल्ले कोंबड्यांपासून दूर, कोंबड्या न फिरलेल्या जमिनीवर वाढविली तर ती वाचतात. आणि रोगाचा साठा कोंबड्यांकडे आहे. कोंबडी तर निरोगी दिसते! तिच्यावर संशय घेणे त्या काळी सोपे नव्हते. कर्टिस यांच्याजवळ यंत्रणेचे स्पष्टीकरण नव्हते. त्यांच्याजवळ फक्त जगलेली पिल्ले होती. कोल व हॅडली यांच्या कॉक्सिडियासिद्धान्ताला जेवढी प्रसिद्धी मिळाली तेवढी या निष्कर्षाला तेव्हा मिळाली असती, तर पुष्कळ कळप वाचले असते असे मानण्यास जागा आहे.

नुकसान किती झाले याची कल्पना जनगणनेवरून येते. संयुक्त संस्थानांत १९०० मध्ये सुमारे ६६ लाख टर्की मोजले गेले. १९१० मध्ये सुमारे ३७ लाख. या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगली पाहिजे. पहिली गणना १ जूनची आणि दुसरी १५ एप्रिलची. वसंत ऋतूत कळपाची संख्या आठवड्यागणिक बदलते. शिवाय रान तोडले जाणे, शेतीची पद्धत बदलणे ही कारणेही होतीच. तरीही एवढी मोठी घट केवळ तारखेच्या फरकाने स्पष्ट होत नाही, आणि न्यू इंग्लंडमध्ये टर्कीपालन जे मागे पडले ते मुख्यतः या रोगाने, यावर तत्कालीन जाणकारांचे एकमत दिसते.

कर्टिस यांच्या अनुभवाला यंत्रणेचा आधार १९२० मध्ये मिळाला. स्मिथ तोवर हार्वर्ड सोडून प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेच्या पशुविकृतिविज्ञान विभागात आले होते. पंचवीस वर्षांपूर्वी हातातून सुटलेला धागा त्यांनी पुन्हा उचलला. हॅरी ग्रेबिल यांच्यासह त्यांनी दाखवून दिले की अंधनालात राहणाऱ्या ‘हेटेराकिस’ या बारीक पांढऱ्या कृमीची पक्व अंडी टर्कीच्या पिल्लांना खाऊ घातली असता त्यांना प्राणघातक ब्लॅकहेड होतो. रोगजंतू नुसता उघड्यावर पडला तर काही तासांतच मरतो; पण कृमीच्या अंड्याच्या कवचात त्याला आश्रय मिळतो, आणि अशी अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. कोंबडीच्या अंधनालात हा कृमी उत्तम पोसतो, तिला मात्र रोग बहुधा सौम्य होतो वा जाणवतही नाही. ती अंगणात विष्ठा टाकते. अंडी मातीत सुमारे दोन आठवड्यांत पक्व होतात. टर्कीचे पिल्लू ती दाण्याबरोबर टिपते. त्याच्या पोटात कृमी बाहेर पडतो आणि त्याच्यासोबत त्याचा पाहुणाही. स्मिथ यांच्या आयुष्यात वाहकाची ही दुसरी कहाणी. पहिलीत गोचीड होती, दुसरीत कृमी.

साखळीतील आणखी एक दुवा १९६६ मध्ये उजेडात आला. एव्हरेट लुंड व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की गांडूळ मातीबरोबर ही अंडी गिळते, अळ्या त्याच्या शरीरात टिकून राहतात, आणि असे गांडूळ खाल्लेल्या टर्कीला रोग होतो. ‘पाऊस पडून गेला की टर्की आजारी पडतात’ असा एखाद्या पालकाचा अनुभव असेल तर त्याला अडाणीपणाची समजूत म्हणून झटकून टाकता येत नाही; पावसानंतर गांडुळे वर येतात आणि टर्की ती आवडीने वेचतात. पुढे २००३ मध्ये हू व मॅकडूगल्ड यांनी असेही दाखविले की कळपात एकदा रोग शिरला की कृमीच्या मध्यस्थीवाचूनही तो एका टर्कीकडून दुसऱ्याकडे थेट पसरतो. ओल्या विष्ठेतील जिवंत जंतू गुदद्वारातून आत ओढले जातात. एक-दोन पक्षी मलूल दिसल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत सगळा कळप का आडवा होतो, हे यावरून कळते. टर्कीतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ८० ते १०० पर्यंत जाऊ शकते. आजारी पक्षी दिसताच वेगळा काढणे आणि अंथरूण कोरडे ठेवणे, या साध्या गोष्टींना येथे जीवनमरणाचे महत्त्व येते.

नाव आणि ओळख यांच्या संबंधात एक उलटे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. १९६० मध्ये इंग्लंडात काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्कीची पिल्ले मेली. येथेही यकृतच बिघडलेले होते. पण ब्लॅकहेडचे वाटोळे डाग नव्हते, आणि कोणताही ज्ञात जंतू सापडेना. तेव्हा त्या रोगाला ‘टर्की एक्स रोग’ एवढेच नाव दिले गेले. बीजगणितातील अज्ञात राशीप्रमाणे हे नाव रिकामे होते आणि रिकामेपणातच त्याचा गुण होता : त्याने कोणतेही कारण गृहीत धरले नाही. शोध खाद्यापर्यंत पोहोचला. ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर ‘अस्पर्जिलस फ्लेव्हस’ ही बुरशी वाढली होती आणि तिचे विष पिल्लांच्या पोटात जात होते. त्या विषाला बुरशीच्या नावातील अक्षरांवरून ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले, आणि मूळ ‘एक्स’ निकामी होऊन गळून पडला. १९०८ चे घाईने भरलेले शीर्षक आणि १९६० चे मोकळे सोडलेले अक्षर शेजारी ठेवून पाहिली असता, दोन पिढ्यांत संशोधकांच्या भाषेतील संयम किती वाढला ते दिसते. भुईमुगाची पेंड हे आपल्याकडेही पशुपक्ष्यांचे नित्याचे खाद्य असल्याने या शोधाचे महत्त्व टर्कीपुरते राहिले नाही.

ब्लॅकहेडच्या औषधांचा इतिहास तुलनेने थोडक्यात सांगता येतो. १९४० नंतर कृमींवर फेनोथायाझिन वापरात आले. त्यापुढे खुद्द हिस्टोमोनसवर चालणारी आर्सेनिकयुक्त संयुगे आणि डायमेट्रिडाझोलसारखी औषधे आली. ती गुणकारी होती. याच गुणामुळे एक विस्मृती आली : खाद्यात औषध मिसळले की कोंबड्या व टर्की जवळजवळ ठेवण्यास हरकत नाही, अशी समजूत पसरली. मग माणसाच्या अन्नात उतरणाऱ्या अवशेषांविषयी शंका निर्माण झाल्या. डायमेट्रिडाझोलवर अमेरिकेत १९८७ मध्ये बंदी आली. युरोपातही त्याचा वापर थांबला आणि २००३ मध्ये निफुरसोलही गेले. उरलेले आर्सेनिकयुक्त औषध म्हणजे नायटारसोन. त्याची अमेरिकेतील मान्यता २०१५ च्या अखेरीस संपुष्टात आली, आणि त्या देशात ब्लॅकहेडवर टर्कीसाठी मान्यताप्राप्त असे एकही औषध राहिले नाही. या रोगाची लस व्यवहारात आलेली नाही.

अशा स्थितीत परसात पाच-दहा टर्की पाळणाऱ्या माणसाला आज जो सल्ला दिला जातो तो जवळजवळ १९०७ चाच आहे. टर्की आणि कोंबड्या एकत्र ठेवू नयेत. कोंबड्या ज्या अंगणात हिंडल्या तेथे टर्की सोडू नयेत, आणि मधली काही वर्षे गेली म्हणून ती माती निर्धोक समजू नये. एकाच माणसाने दोन्ही खुराडी पाहायची असतील तर आधी टर्कीकडे जावे, मग कोंबड्यांकडे, आणि पायताण बदलावे. कोंबड्या ठेवणे भागच असेल तर त्यांना वेळोवेळी कृमिनाशक द्यावे. ते हिस्टोमोनसला मारीत नाही, पण त्याचे वाहन काढून घेते. पिल्ले उंचावर, तारेच्या जाळीच्या तळावर वाढविली तर विष्ठेशी व मातीशी संबंध तुटतो. टर्की मेला तर त्याला न उघडता पुरू नये. पशुवैद्याकडे न्यावा, नाही तर निदान यकृत तरी पाहावे.

या सल्ल्यातील एकही कलम डोक्याच्या रंगाशी संबंधित नाही. पशुवैद्यकाच्या ग्रंथांतून आता ‘हिस्टोमोनिॲसिस’ हे नाव मथळ्याला असते आणि ‘ब्लॅकहेड’ त्याच्या शेजारी, पर्याय म्हणून. पालकांच्या तोंडी मात्र दुसरेच पहिले आहे. कोंबड्यांचा कळप तसाच ठेवून कोणी हौसेने टर्कीची चार पिल्ले आणतो, ती काही आठवडे छान वाढतात, आणि एके सकाळी त्यांतले एक कोपऱ्यात डोळे मिटून उभे असते. मालक त्याचे डोके न्याहाळतो. ते लालसरच असते, म्हणून तो निर्धास्त होतो. पायाखालच्या पेंढ्यावर पडलेली पिवळी विष्ठा त्याच्या नजरेतून निसटते.